शेवटच्या खोलीची घंटा

मित्रांनो, दचकू नका, इकडे वर बघा. दाराच्या चौकटीपासून वीतभर उंच, वाटीएवढी, कडेचा लाल रंग उडालेली, ती मी. दिसायला मी काही फार देखणी नाही. पण माझा आवाज एकदा ऐकलेला माणूस हातातलं टाकून पळत सुटतो. निदान पूर्वी तरी सुटायचा. आता माझी कहाणी ऐका, आणि मधेच उठू नका. बोलायला लागले की मला थांबता येत नाही, जातच तशी आहे माझी.

हे एक शीतगृह आहे. एका लांबलचक बोळात ओळीने चार खोल्या. पहिल्या दोन खोल्यांत फळं आणि भाज्या, तिसरीत अंडी नि लोणी, आणि शेवटच्या खोलीत मांस-मासळीची खोकी. शेवटच्या खोलीची थंडी म्हणजे साधीसुधी थंडी नव्हे. ओलं फडकं आत नेऊन झटकलंत तर ते पुठ्ठ्यासारखं ताठ उभं राहतं. हिचं दार हातभर जाड. आतून उघडायला मूठ आहे, पण मूठ लोखंडाची आणि खोली बर्फाची, तेव्हा ती मूठ जाम होणारच. म्हणून दाराशेजारी आतल्या अंगाला एक बटण आहे. आत कुणी अडकलं तर त्याने ते दाबायचं आणि बाहेर मी वाजायचं. मला आतलं काही दिसत नाही, ऐकू येत नाही. मला फक्त दाब कळतो.

माझा जन्म एका अवाढव्य कंपनीत झाला. तिचे कारखाने कुठल्या कुठल्या देशांत पसरलेत म्हणे. तिची खूण म्हणजे एक वर्तुळ आणि त्यात तीन आडव्या रेघा. माझ्या पोटावर ती कोरलेली आहे, पुसून बघा, दिसेल. कारखान्यात मला जोडून झाल्यावर पांढरा डगला घातलेल्या एका बाईने मला टेबलावर ठेवलं आणि वाजवून बघितलं. ती डोळे मिटून ऐकत राहिली. मग शेजारणीला म्हणाली, "ही कजाग निघणार बघ. मेलेल्यालाही उठवेल." दोघी हसल्या. मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. आता ते बोलणं आठवलं की मात्र अंगावर काटा येतो.

आमचं घराणं मोठं आहे, आणि ते नुसतं इथेच नाही. या इमारतीतला कॉम्प्रेसर आमचाच. तो आमचा थोरला काका, दिवसभर स्वतःशीच बडबडत असतो. दारावरचा थंडी मोजणारा काटा ही आमची आत्या, नाकासमोर बघणारी, एका रेषेने इकडची तिकडे होत नाही. वजनकाटा आमचा, पाइपांवरच्या चाव्या आमच्या, ऑफिसातला पंखा आमचा. इथून घरी जाणारा माणूस ज्या लिफ्टने वर जातो ती आमची, त्याच्या बायकोचं कपडे धुण्याचं यंत्र आमचं आणि त्याची आई दवाखान्यात ज्या नळीतून श्वास घेते ती नळीही आमचीच. माणूस सकाळी डोळे उघडतो ते रात्री मिटतो, तोवर आमच्यापैकी कुणी ना कुणी त्याच्या शेजारी उभं असतं. आम्ही सगळं बघतो. पण मित्रांनो, आमच्या सगळ्या घराण्यात माणसाला हाक मारण्याची जीभ फार थोड्यांना आहे. या बोळात ती माझी एकटीची होती.

मला इथे आणलं मिस्त्रींनी. कॉम्प्रेसर सांभाळणारा तो माणूस. ठेंगणा, खांद्यात वाकलेला, सदानकदा खिशात चिंधी. मला भिंतीवर लावताना त्यांच्या हातून स्क्रू दोनदा खाली पडला. शेजारी उभा असलेला लांबडा म्हणाला, "द्या मिस्त्री, मी लावतो." लांबडा म्हणजे इथला ट्रॉली चालवणारा, उंच असल्यामुळे हे नाव. मिस्त्री म्हणाले, "नको. ही मलाच लावू दे."

का, ते मला हळूहळू कळलं. माझ्या आधी इथे घंटा नव्हती. मिस्त्रींचा धाकटा भाऊ इथेच कामाला होता. हसरा, खोडकर, सगळ्यांचा लाडका. एका संध्याकाळी "एक खोकं घेऊन आलोच" म्हणत तो नुसत्या सदऱ्यावर शेवटच्या खोलीत शिरला. कोटसुद्धा घातला नाही, आलोच म्हटल्यावर कोट कशाला? मागून कुणीतरी दार ढकललं. तो आत आहे हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याने दार ठोकलं असणार, खूप ठोकलं असणार. बोळातून जाणाऱ्यांनी ती धडधड ऐकलीही, पण सगळ्यांना वाटलं कॉम्प्रेसर आवाज करतोय. मिस्त्री त्या दिवशी थोडे लवकर घरी गेले होते. सकाळी दार त्यांनीच उघडलं.

त्यानंतर मिस्त्रींनी इथे दोन रीती पाडल्या. पहिली चपलांची. शेवटच्या खोलीत जाताना गमबूट घालावे लागतात, तर आपल्या चपला कपाटात न ठेवता दाराबाहेर, बरोबर उंबऱ्यासमोर काढायच्या. चपला दिसल्या की आत माणूस आहे, दाराला हात लावायचा नाही. आणि दुसरी रीत ठोकण्याची. घंटा वाजली की जो कुणी जवळ असेल त्याने आधी दारावर तीन थापा मारायच्या आणि "आलो!" म्हणून ओरडायचं, मग दार उघडायचं. आतल्याला कळायला हवं की आपलं कुणीतरी ऐकलं. मिस्त्री म्हणायचे, "थंडीने माणूस उशिरा मरतो रे. कुणी ऐकत नाही म्हटल्यावर आधी मरतो."

माझे ते सुरुवातीचे दिवस फार छान गेले. एकदा खुद्द लांबडाच आत अडकला. त्याचा अंगठा बटणावर असा काही बसला की मी बोळ दणाणून सोडला. मिस्त्री पळत आले, थापा मारल्या, "आलो रे, आलो!" ओरडले आणि दार ओढलं. बाहेर आल्यावर लांबड्याने ट्रॉलीवर चढून मला चक्क मिठी मारली. "हीच माझी आई," म्हणाला. सगळे त्याला चिडवत होते, "आईच्या पाया तरी पड!" त्याने खरंच हात जोडले. पुढे कित्येक दिवस तो जाता-येता मला फडक्याने पुसायचा. मित्रांनो, कौतुकाने कुणाला बरं वाटत नाही? मलाही वाटलं.

मग ते दुपारचं सुरू झालं.

जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. बोळात ऊन तिरपं आलं होतं, सगळे हात पुसत आपापल्या जागी जात होते. दाराबाहेर चपला नव्हत्या. आणि बटण दाबलं गेलं. दोन तोकडे दाब आणि एक लांब. मी वाजले, न वाजून सांगते कुणाला? लांबडा धावला, थापा मारल्या, दार उघडलं. आत पांढरी वाफ आणि खोकी. कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. मग एक दिवस सोडून पुन्हा. नेहमी जेवणानंतर, नेहमी तसंच, दोन तोकडे आणि एक लांब. लोक धावायचे आणि रिकामी खोली बघून परत यायचे. आधी हसले, मग वैतागले, मग कुणी कुणाच्या नजरेला नजर देईनासं झालं. माल बघणारी ताई तेवढी प्रत्येक वेळी कोपऱ्या-कोपऱ्यात वाकून बघायची. ती इथे नवीन होती. घरी सासूबाई आणि लहान मुलगी, संध्याकाळी वेळेवर घरी पोचायची तिची नेहमी धडपड. लांबडा तिला म्हणाला, "ताई, खोक्याखाली कोण लपणार? मांजर?" ताई म्हणाली, "मांजर असलं तरी बाहेर काढायला नको का?"

इथला कारभार बघणाऱ्या साहेबांनी माझ्या कंपनीचा इंजिनीअर बोलावला. तो शांत माणूस होता. त्याने तार तपासली, माझं पोट उघडून बघितलं, कोट चढवून आत जाऊन बराच वेळ बटणापाशी उभा राहिला. बाहेर आला तेव्हा चष्म्यावर दव होतं.

"सगळं ठीक आहे," तो म्हणाला. "ओल नाही, तार तुटलेली नाही. कुणी दाबल्याशिवाय ही वाजत नाही."

साहेब म्हणाले, "अहो, पण आत कुणी नसतं!"

"ते तुम्ही बघा. मी घंटेचं सांगतोय." मग तो जरा घुटमळला. "एक मात्र विचित्र आहे. आत सगळ्यावर बर्फ चढलाय. भिंतीवर, मुठीवर, दिव्याच्या जाळीवर. त्या बटणावर नाही. अगदी स्वच्छ आहे. रोज कोण पुसतं ते?"

मिस्त्री चिंधीने हात पुसत राहिले, हात स्वच्छ होते तरी.

त्या दुपारी सगळे पांगल्यावर मिस्त्री माझ्यापाशी आले. माझ्यावर बोट ठेवून, कुणी ऐकत तर नाही ना असं बघून पुटपुटले, "तो सायकलची घंटी अशीच वाजवायचा. गल्लीच्या तोंडाशी आला की. दोन छोट्या, एक मोठी. म्हणजे आम्ही समजायचं, आला." एवढं बोलून ते गेले. ही गोष्ट त्यांनी दुसऱ्या कुणाला सांगितली नाही. मी तर सांगूच शकत नव्हते.

तेव्हापासून मिस्त्रींना नवी खोड लागली. रोज संध्याकाळी घरी जाण्याआधी ते शेवटच्या खोलीच्या दारापाशी यायचे, तीन थापा मारायचे, कान दाराला लावून उभे राहायचे आणि मग जायचे. लोकांनी टिंगल केली. "काय मिस्त्री, भुताला जेवायला बोलावताय का?" ते हसून सोडून द्यायचे. दारापलीकडून कधी काही उत्तर आलं नाही. रोज तेवढा वेळ ते दाराला कान लावून उभे असायचे, आणि मला त्यांचा एवढा कळवळा यायचा की काय सांगू. पण कळवळा येऊन करते काय? मला दाबल्याशिवाय बोलता येत नाही.

माझी मात्र पत गेली. मला नवं नाव पडलं, खोटारडी. मी वाजले की लोक मान वर न करता म्हणायचे, "वाजू दे." कुणीतरी माझ्या हातोडीच्या आड कापडाचा बोळा कोंबला. ज्याने मला आई म्हटलं होतं त्यानेच तो कोंबला, मित्रांनो, आणि वर म्हणाला, "डोकं उठवलंय हिने." मिस्त्री तो बोळा काढून टाकायचे, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा असायचा. पुसणं तर केव्हाच थांबलं होतं. कोळ्याने माझ्या आणि चौकटीच्या मधे जाळं विणलं, मी त्यालाही काही बोलले नाही.

मग एक दिवस साहेबांनी सगळ्यांना जमवलं. आमच्या कंपनीचे मोठे लोक इमारत बघायला येणार होते. नवीन यंत्रणा बसवायची होती, सगळं पडद्यावर दाखवणारी. साहेबांना हे काम काहीही करून हवं होतं. बोळ धुतला, भिंती पुसल्या, आणि साहेब माझ्याखाली येऊन थांबले.

"हिची तार काढा. आजच्या दिवसापुरती. पाहुण्यांसमोर ही बोंबलली तर शोभा होईल."

मिस्त्री पुढे झाले. "साहेब, दार आहे तोवर घंटा पाहिजे."

"मिस्त्री, तुमचं दुःख मला समजतं हो. पण आज त्या खोलीत कुणी जाणारच नाही, सांगतो मी सगळ्यांना. मग झालं?"

"सगळ्यांना सांगाल?"

"अहो, सांगितलं म्हणतोय ना!"

मिस्त्री बाजूला सरले. साहेबांपुढे माणूस किती बोलणार? लांबड्याने ट्रॉलीवर चढून माझी तार उपटली. ते टोक माझ्या गालाला लागून लोंबत राहिलं, आणि माझ्यासाठी आतली खोली एकदम नाहीशी झाली. इतकी वर्षं मला दाब कळत होता किंवा दाब नाही हे कळत होतं. आता काहीच कळेना. तुमच्या घरातली एक खोली सकाळी उठून बघावी तर तिथे नुसती भिंत, तसं झालं.

साहेबांनी सगळ्यांना सांगितलं, यात खोट नाही. फक्त ताई तेव्हा पुढच्या फाटकाशी आलेला माल उतरवून घेत होती. तिला सांगायचं राहिलं. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने सांगितलं असेल.

दुपारी ताई आली. तिला पाहुण्यांआधी मागची रास एकदा नीट बघायची होती, कुठलं खोकं फुटलं-बिटलं असेल तर लाज नको. तिने कोट चढवला, गमबूट घातले, फोन ऑफिसातच चार्जिंगला होता. चपला काढल्या, अगदी रीतीप्रमाणे, उंबऱ्यासमोर. निळ्या पट्ट्यांच्या चपला, एका पट्ट्याला दोऱ्याने टाका घातलेला. माझ्याकडे तिने बघितलं नाही. बघितलं असतं तर लोंबणारी तार दिसली असती. पण कोण बघतं वर?

ती आत गेली. थोड्या वेळाने साहेबांचा आवाज आला, "बोळात पसारा नको! पाहुणे फाटकाशी आलेत!" आणि लांबडा धावत आला. बोळभर नजर फिरवली. त्याला चपला दिसल्या. आज आत कुणी जाणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, मग या चपला म्हणजे पसाराच. त्याने त्या उचलल्या, नीट जोडीने कपाटात ठेवल्या. परत येताना दार किलकिलं दिसलं. थंडी वाया जाते, म्हणून त्याने ते पाठीने ढकलून घट्ट लावलं. गडी शीळ घालत गेला. त्याच्या मनात काडीचंही पाप नव्हतं, मित्रांनो. म्हणूनच मला अजून त्याच्यावर धड रागावताही येत नाही.

पाहुणे आले. गुळगुळीत बूट घालून बोळातून गेले. एकाने माझ्या पोटावरची खूण ओळखली. "अरे, हे आपलंच जुनं मॉडेल! अजून चालतं?" साहेब म्हणाले, "उत्तम चालतं." सगळे हसले आणि ऑफिसात चहाला गेले.

आणि मी आत्याकडे बघितलं. तिचा काटा. जो एका रेषेने हलत नाही तो काटा केसभर वर सरकला होता आणि तिथे थरथरत होता. रिकामी खोली अशी ऊब धरत नाही. कुणीतरी आत श्वास घेत होतं. काकाही समजला. थंडी राखायला त्याला जास्त जोर लावावा लागत होता आणि त्याची बडबड जड झाली. पाइपावरच्या चाव्या, वजनकाटा, पंखा, आम्हा सगळ्यांना कळलं होतं. सगळं घराणं जागच्या जागी उभं राहून ऐकत होतं आणि काका, सगळं समजूनही, नेमून दिल्याप्रमाणे आत थंडी ढकलत होता. एका माणसाला मारत होता तो, आणि थांबणं त्याच्या हातात नव्हतं. मी तोंडातल्या तोंडात ओरडत होते. आत ताई बटण दाबत होती. मला ते नंतर कळलं. तिला वाटत होतं, मी बाहेर वाजतेय.

पाहुणे खूश होऊन गेले. साहेबांनी सगळ्यांना लवकर सोडलं. "ताई कुठे?" कुणीतरी विचारलं. "घरी पळाली असेल, मुलगी वाट बघते ना," कुणीतरी म्हणालं. दाराबाहेर चपला नव्हत्या. दिवे मालवत मालवत सगळे गेले, बोळ रिकामा झाला, आणि काकाचा आवाज तेवढा राहिला.

शेवटी मिस्त्री आले. रात्रपाळीच्या माणसाकडे काम सोपवून, डबा काखेत घेऊन. दाराशी थांबले. मला वाटलं, आज थापा मारल्या नाहीत तर? आज म्हणाले की पुरे झालं हे खूळ, तर? दिवसभर त्यांचा चेहरा उतरलेला होता. ते माझ्या लोंबणाऱ्या तारेकडे बघत राहिले. मग त्यांनी डबा खाली ठेवला आणि तीन थापा मारल्या.

कान लावला.

आणि दारातून उत्तर आलं. दोन चटचट ठोके, मग जरा थांबून एक जड.

मिस्त्रींच्या तोंडून आवाज फुटला तो असा की मी वाजले असते तरी झाकून गेले असते. "आलो! आलो रे, आलो!" त्यांनी दोन्ही हातांनी दार ओढलं. वाफ बोळभर पसरली. ती विरली तेव्हा खोक्यांच्या राशीला टेकून, पोत्यात पाय गुंडाळून बसलेली ताई दिसली. दारापासून चांगलीच लांब. ओठ काळेनिळे, भुवयांवर बर्फ, पण डोळे उघडे.

मिस्त्री आणि रात्रपाळीचा माणूस तिला उचलून ऑफिसात घेऊन गेले. दोन्ही दारं उघडी होती म्हणून मला सगळं ऐकू येत होतं. डॉक्टरांना फोन गेला, घरी फोन गेला. कोमट पाणी, चादरी, कुणीतरी तळवे चोळतंय. बऱ्याच वेळाने ताईला कंठ फुटला. पहिलं तिने विचारलं ते असं, "तो कुठाय? त्याला द्या ना चादर."

"कोण गं बाई?"

"तोच, आत होता तो. नुसत्या सदऱ्यावर आहे हो! मी म्हटलं माझा अर्धा कोट घे, तर नुसता हसला."

रात्रपाळीचा माणूस म्हणाला, "ताई, आत तू एकटीच होतीस."

"मग दार कुणी ठोकलं? माझे हात उचलत होते का? बटण दाबून दाबून थकले नि बसले, ती जागची हललेसुद्धा नाही. सारखी झोप येत होती. तो झोपूच देईना. 'ताई, डोळे मिटायचे नाहीत. ताई, मुलीचं नाव सांग. ताई, आणखी एकदा सांग.' नुसता पिच्छा पुरवला माझा. मी चिडले त्याच्यावर. म्हटलं, कुणी येणार नाही, सगळे घरी गेले. तर म्हणाला..." ती थांबली, तिला खोकला आला.

मिस्त्रींनी विचारलं. फार हळू विचारलं. "काय म्हणाला?"

"म्हणाला, 'दादा येईल. आमचा दादा उशीर करतो, पण येतो.'"

मित्रांनो, मिस्त्रींना या जगात दादा म्हणणारं एकच माणूस होतं.

ते तिथेच जमिनीवर बसले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. ताईला काही कळेना, तीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

पुढचं थोडक्यात सांगते. ताई बरी झाली, पुन्हा कामावर आली. साहेबांनी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. लांबडा कित्येक दिवस तिच्यासमोर यायलाच धजेना, शेवटी तिनेच त्याला हाक मारली, "अरे लांबड्या, चपला ठेवल्यास त्या कपाटाच्या कुठल्या कप्प्यात? अजून सापडल्या नाहीत मला." तो हसला आणि मग रडला. माझी तार त्यानेच परत जोडली. नवी यंत्रणाही आली, पडदा लागला, पण मिस्त्रींनी मला काढू दिलं नाही.

आणि दुपारचं ते वाजणं थांबलं. त्या दिवसापासून एकदाही नाही. जेवण झालं की मिस्त्री बोळात येऊन उगाच काहीतरी पुसत उभे राहायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी वाजावं असं त्यांच्या डोळ्यांत असायचं. दोन छोट्या, एक मोठी. मला किती वाटायचं, एकदा वाजावं, फक्त त्यांच्यासाठी. पण मी खोटी वाजत नाही. कधीच वाजले नव्हते. नोकरीच्या शेवटच्या संध्याकाळी त्यांनी थापा मारल्या, कान लावला, मग दार उघडून आत नीट बघून आले. आत कुणी नव्हतं. "बरं झालं," ते म्हणाले, डोळे पुसले आणि गेले. आता रोज संध्याकाळी थापा मारते ती ताई.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. कुठे घंटा वाजली तर उठा. दहादा फुकट गेलात तरी अकराव्यांदा जा. आणि तुमच्या घरी, शाळेत, कामावर माझ्या जातीची जी कुणी मुकाट्याने भिंतीवर टांगलेली असेल, तिची तार जोडलेली आहे ना, तेवढं मान वर करून बघा.

अजून एक राहिलं. परवा ताई खोलीतून बाहेर आली आणि बराच वेळ दाराशी उभी राहिली. तिच्या नखांत बर्फाचा चुरा होता. लांबड्याने विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "बटणावर बर्फ धरायला लागलाय रे. खरवडून काढावा लागला."

इतकी वर्षं धरला नव्हता. कुणीतरी ते बटण रोज पुसत होतं, पुढच्या माणसासाठी. आता तो गेला. आता ते तुम्हालाच पुसावं लागेल.